अकाउंटला गेट बंद

रात्री पावणेबाराला फोन वाजला की भोसरीतल्या जुन्या कामगाराच्या डोक्यात एकच शब्द येतो: बोट. सेकंड शिफ्ट सुटायला आलेली असते, पोरगं दमलेलं असतं आणि पॉवर प्रेस कधी दमत नाही. त्यामुळं ११ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना, भाच्याचा रडवेला आवाज कानावर पडला तेव्हा मी "काय झालं?" वगैरे विचारत बसलो नाही. थेट विचारलं, "कुठलं बोट?"

"बोट नाही मामा. अकाउंट गेलं."

मी उठून बसलो. "ओटीपी कुणाला सांगितलास?"

"बँकेचं नाही हो. गेमचं. बॅन केलंय. दहा वर्षं."

शेजारी बायको जागी झाली होती. तिच्या कानावर एवढंच पडलं. "दहा वर्षं? अगं बाई, मारलं कुणाला त्यानं?"

खरं उत्तर द्यायचं तर त्यानं अठरा हजारांहून जास्त माणसं मारली होती. आकडा त्याच्या प्रोफाइलवरच होता आणि तो अभिमानानं दाखवायचा. कंपनीची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती, उलट पदकं दिली होती. तक्रार होती ती मारताना 'त्रयस्थ सॉफ्टवेअर' वापरल्याची. गेमचं नाव सांगत नाही. ज्यांच्या घरात विशीचं पोरगं आहे त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

भाचा मूळचा औसा तालुक्यातला. आयटीआय फिटर, चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी आणि खराबवाडीत कॉट बेसिसवर मुक्काम. कॉट बेसिस म्हणजे माणूस खोली भाड्यानं घेत नाही, खाट घेतो. त्यातही त्यांच्या खोलीत एका खाटेला तीन मालक: फर्स्ट, सेकंड आणि नाइट. एक उठतो तेव्हा दुसरा आडवा होतो. वर्षभरात गादी म्हणून थंड झालेली नाही.

मी स्वतः भोसरीत एकाच कंपनीत चौतीस वर्षं ग्राइंडर चालवला आणि त्यातली बावीस वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. एकोणीस डोमेस्टिक इन्क्वायऱ्यांत कामगाराच्या बाजूनं बसलो. कुणी सुपरवायझरला शिवी दिली, कुणी नाइटला मशीनमागं झोपला, कुणी डब्यातून पितळेचे बुश बाहेर नेले. सात जणांना परत आत घ्यायला लावलं. तेव्हा ही केस माझ्याकडं येणार हे ठरलेलंच होतं. अक्कानंही औशाहून फोन केला. तिला गेम, बॅन यातलं काही कळलं नव्हतं. "पोराचं काहीतरी बंद झालंय, बघ जरा," एवढंच म्हणाली.

रविवारी तो इंद्रायणीनगरला घरी आला. मी चष्मा लावला, पॅड घेतलं.

"चार्जशीट दाखव."

"चार्जशीट नाही मामा. हा एवढाच मेसेज आहे."

मेसेजात दोन ओळी. आरोप एका वाक्यात, शिक्षा दुसऱ्या वाक्यात. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठलं सॉफ्टवेअर, पाहिलं कुणी, काही नाही. आमच्या काळात माणूस काढायचा तर आधी चार्जशीट, मग खुलाशाला मुदत, मग चौकशी अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, निष्कर्ष, पुन्हा एक कारणे दाखवा, आणि मग कुठं डिसमिस. तोवर निलंबनात पहिले नव्वद दिवस अर्धा पगार, पुढं पाऊण. या सगळ्याला दोन-दोन वर्षं लागत आणि तेवढ्यात मॅनेजर बदलून जाई. बऱ्याच लोकांना न्याय मिळाला तो तसाच.

"निलंबन भत्ता काय देतायत?"

"म्हणजे?"

"निम्म्या बंदुका तरी वापरू देतात का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला.

तसं बघितलं तर बंदी या पोरांना नवी नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली ११८ ॲप्स एका फटक्यात बंद केली, त्यात पबजी मोबाइल होतं. पुढच्या जुलैत कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं बीजीएमआय या नावानं पुन्हा शटर उघडलं, रक्ताचा रंग हिरवा केला आणि अठरा वर्षांखालच्या पोरांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. पाटी बदलून तोच माल काढणं एमआयडीसीत कुणाला शिकवावं लागत नाही, पण रक्त हिरवं करायची कल्पना मात्र आमच्या कुठल्याही मॅनेजमेंटला सुचली नसती. २८ जुलै २०२२ ला परत टाळं, मे २०२३ मध्ये परत उघडं. पण तो सगळा लॉकआउट होता. लॉकआउटमध्ये एक बरं असतं, सगळेच बाहेर असतात. चहा पिता येतो, सरकारला शिव्या देता येतात. एकट्याला गेट बंद झालं की गोष्ट वेगळी. चाळीतले लोक विचारतात, "काय रे, तुलाच का?" भाच्याला खोलीतली पोरं आता 'हॅकर' म्हणून हाक मारतात. ज्या पोराला लॉगबुक नीट भरता येत नाही त्याला हॅकर.

मी अपील लिहायला घेतलं. हात जुनाच. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, कार्मिक विभाग' असं लिहून गेलो, मग कार्मिक खोडलं. 'विषय: दि. ११/१०/२०२५ रोजीच्या तथाकथित बंदीबाबत खुलासा. संदर्भ: आपला त्याच तारखेचा संदेश. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर संदेशात नमूद केलेले सर्व आरोप मला संपूर्णपणे अमान्य असून ते बिनबुडाचे, मोघम व आकसापोटी—'

"मामा, बॉक्समध्ये पाचशे अक्षरंच बसतात."

मोजून पाहिलं. 'महोदय' येईपर्यंतच बरीचशी संपली होती.

म्हटलं, आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. कमिटीवर असताना माझा एक नियम होता: खुलासा लिहिण्याआधी शॉपवर जाऊन मशीन बघायचं. पुढच्या रविवारी चाकणला निघालो. भोसरी ते चाकण हे अंतर कागदावर फारसं नाही. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गात शाहिस्तेखानाच्या फौजेला दोन महिन्यांच्या आसपास अडवून धरलं. आज तेवढ्यासाठी किल्ला लागला नसता, तळेगाव चौक पुरला असता. एका कंटेनरच्या मागं आमची बस उभी राहिली ती राहिलीच. पुढं लागेल म्हणून मनातल्या मनात साक्षीदारांची यादी केली, उलटतपासणीचे प्रश्न काढले, तरी सिग्नल सुटेना.

खोलीवर गेलो आणि दहा मिनिटांत केस उलगडली.

यांच्या कंपन्यांत कॅमेऱ्याचा मोबाइल शॉपवर नेता येत नाही. त्यामुळं भाचा फर्स्ट शिफ्टला गेला की त्याचा फोन खोलीवरच खिळ्याला चार्जिंगला लटकलेला. नाइट करून आलेल्या पोराला लगेच झोप लागत नाही, तो तासभर खेळणार. मग सेकंडवाला उठणार, तो कामावर जाईपर्यंत खेळणार. भाचा आला की भाचा. खाट एक, फोन एक, अकाउंट एक आणि शिफ्टा तीन. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही ही शिस्त पोरांच्या इतकी अंगात मुरलेली की मॅच अर्ध्यात असली तरी फोन चालू लढाईत हातात द्यायचे. "उजवीकडं दोघं आहेत, गोळ्या कमी आहेत, मी चाललो." हँडओव्हर इतका नीट मी आमच्या कंपनीत चौतीस वर्षांत पाहिला नाही.

आता तिकडं सर्व्हरवर बसलेल्या यंत्राच्या बाजूनं बघा. एक खेळाडू आहे जो झोपतच नाही. सकाळी भित्रा, दुपारी शूर, रात्री भलताच नेमबाज. आणि दर गुरुवारी लढाई सुरू झाल्यावर मधेच पळून जातो. गुरुवारचं कारण आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, महावितरणची दुरुस्ती. लाइट गेली की वायफाय गेलं. भाच्याच्या कंपनीची सुट्टी रविवारची, लाइटची सुट्टी गुरुवारची. पण हे परदेशातल्या यंत्राला कोण सांगणार? मॅच सोडून जाणाऱ्याला आधी इशारा, मग काही मिनिटांची, मग काही तासांची बंदी असते. ती चिल्लर शिक्षा याला महिन्यातून चार वेळा व्हायची. म्हणजे सर्व्हिस रेकॉर्ड आधीच खराब.

पण तेवढ्यावर कुणी दहा वर्षं काढत नाही. मी तिघांना समोर बसवलं. कमिटीवाला आवाज काढला. "हत्यार कुणी घातलं?"

भाचा नाही म्हणाला. सेकंडवाला नाही म्हणाला. नाइटवाला, हिंगोलीकडचा, शांत पोरगा, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "काका, मी हेडशॉटचं काय नाही टाकलं. मी फक्त गवत काढलं."

"गवत?"

"शत्रू गवतात लपतो ना. एक फाइल मिळते टेलिग्रामवर. ती टाकली की गवत दिसत नाही. रान मोकळं."

मला हसावं की रडावं कळेना. गावाकडं बाप दोन वर्षं ओरडतोय की सोयाबीनमधलं तण काढायला ये, तर हा खुरप्याला हात लावत नाही, आणि खराबवाडीत बसून कोरियाच्या रानातलं गवत फुकट उपटतोय.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या भाचा निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी खुशीत पाचशे अक्षरांत बसवायला लागलो: 'सदर फाइल मी टाकलेली नसून माझ्या अनुपस्थितीत खोलीतील सहकाऱ्यानं...' आणि पेन थांबलं. कारण मधल्या काळात मी त्या गेमचे नियम वाचले होते. पूर्ण. भाच्यानं दोन वर्षांत न वाचलेले. त्यात स्पष्ट आहे: आपलं अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं हाच गुन्हा. म्हणजे 'मी चोरी केली नाही' हे सिद्ध करायला 'त्या वेळी मी दुसरी चोरी करत होतो' हा एकच पुरावा. एकोणीस इन्क्वायऱ्यांत असा पेच पडला नव्हता. एकदाच जवळपास गेलो होतो, जेव्हा मशीनमागं झोपल्याचा आरोप असलेल्या माणसानं बचावात सांगितलं की त्या वेळी तो मुळी कंपनीत नव्हताच, पंचिंग मित्रानं केलं होतं.

याच सुमारास भाच्याला एकानं मेसेज केला. 'अकाउंट अनबॅन करून मिळेल. १५०० रुपये. ५०० ॲडव्हान्स.' भाचा गूगल पे उघडून बसला होता. त्याला मी या पट्ट्यातली सगळ्यात जुनी गोष्ट सांगितली. परमनंट करून देतो म्हणून पैसे घेणारे लोक पिंपरीत चाळीस वर्षांपासून फिरतायत आणि त्यांनी परमनंट केलेला एक माणूस मला अजून भेटायचाय. बंदी उठवायचं बटण कंपनीच्या आत असतं. बाहेरच्याच्या हातात ते नसतं. बाहेरच्याला हवा असतो तुमचा पासवर्ड.

कंपनी कारण का सांगत नाही, हे मला आधी उद्धटपणा वाटला होता. वाचल्यावर कळलं आणि जरा लाजही वाटली, कारण आमचा सिक्युरिटी सुपरवायझर हेच करायचा. भंगार चोरीला जातंय, कंपाउंडला कुठंतरी भोक आहे, हे त्याला कळायचं, पण तो महिनाभर गप्प बसायचा. पहिल्याच दिवशी एकाला धरला तर बाकीचे दुसरं भोक पाडणार. गेमवालेही तसंच करतात. चीट विकणाऱ्यांचा धंदा मोठा आहे. ज्याला त्याला तिथल्या तिथं पकडलं आणि 'अमुक फाइलमुळं' असं लिहून दिलं, तर विकणारा संध्याकाळपर्यंत ती फाइल बदलतो. म्हणून नोंद करून ठेवतात आणि काही दिवसांनी हजारोंना एका लाटेत उडवतात. नाइटवाल्यानं गवत गणपतीत काढलं होतं, कुऱ्हाड दिवाळीच्या तोंडावर पडली.

आणि यंत्र चुकत नाही असंही नाही. २०१० च्या जुलैत अमेरिकेच्या वॉल्व्ह कंपनीच्या यंत्रानं मॉडर्न वॉरफेअर २ या गेमचे बारा हजारांच्या आसपास निर्दोष खेळाडू उडवले. एरवी या कंपनीची बंदी कायमची, तिथं अपील नाही. पण चूक आपली आहे म्हटल्यावर मालक गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बंद्या उठवल्या आणि नुकसानभरपाई म्हणून लेफ्ट ४ डेड २ हा गेम फुकट दिला. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पुन्हा कामावर, सेवेत खंड नाही, वर भरपाई! आमच्याकडं हे लेबर कोर्टात आठ वर्षं भांडून मिळतं. २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा तसंच: एएमडीनं ग्राफिक्स कार्डासाठी एक सुधारणा आणली, ती चालू करणारे काउंटर-स्ट्राइकचे खेळाडू चीट समजून बाहेर गेले. एएमडीनं सुधारणा मागं घेतली, वॉल्व्हनं बंद्या मागं घेतल्या.

मी भाच्याला हे दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पण आपण खरंच गवत काढलंय."

मग त्यानं मला दुसरी गोष्ट सांगितली. २०१८ साली शांघायमध्ये स्पर्धा चालू होती. ऑप्टिक इंडिया ही आपल्याकडची टीम. एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर पंचांना संशय आला, ते बघायला आले तर त्यानं घाईघाईत एक फाइल पुसायचा प्रयत्न केला. फाइलचं नाव वर्ड डॉट ईएक्सई. नेम आपोआप लावणारं चीट आणि नाव वर्ड! आमच्या टाइम ऑफिसातल्या वर्डनं आयुष्यात कधी समास नीट लावला नाही. टीम मोडली, पोरावर पाच वर्षं बंदी.

"कुणी घातली बंदी?"

"ईएसआयसीनं."

"ईएसआयसी?" मला मोहननगरचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर आलं. पगारातून कापून घ्यायचे ते माहीत होतं, बंदी कधीपासून घालायला लागले? मग कळलं की ई-स्पोर्ट्समधल्या लबाडीवर नजर ठेवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आद्याक्षरांनीही ईएसआयसीच होतं. पाच वर्षं ऐकून भाच्याचा चेहरा पडला. शांघायला जाऊन, टीम बुडवून पाच, आणि खराबवाडीत गवत काढून दहा?

तिथं मला मुद्दा सापडला. महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, लांबलचक नावाचा, आम्ही त्याला नुसतं यूएलपी म्हणायचो. त्यात किरकोळ गुन्ह्याला धक्का बसेल इतकी जास्त शिक्षा देणं ही मालकाची अनुचित प्रथा धरलीय. डब्यातून बुश नेणाऱ्या माणसाला मी याच मुद्द्यावर आत आणला होता. तो निर्दोष आहे असं मी एकदाही म्हणालो नव्हतो. म्हणालो होतो, साहेब, बुश दोन आहेत आणि नोकरी सतरा वर्षांची आहे.

तेव्हा अपील नव्यानं लिहिलं. आकस गेला, बिनबुडाचे गेलं, महोदयसुद्धा गेलं. प्लेअर आयडी, बंदीची तारीख, फोनचं मॉडेल. अकाउंट खोलीतल्या दोघांना वापरायला दिलं ही माझी चूक. एका सहकाऱ्यानं फाइल टाकली, ती काढलीय. यापुढं अकाउंट माझ्या एकट्याकडं राहील. पहिलाच असा प्रकार आहे, शिक्षा कमी करावी. चारशे बारा अक्षरं. भाचा दहा तिकिटं टाकायला निघाला होता, त्याला एकच टाकायला लावलं. एकच अर्ज दहा वेळा दिल्यानं साहेबाचं मत सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. पाठवलं आणि चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं. 'काळजीपूर्वक तपासणी केल्यानंतर निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.'

चार मिनिटं. तळेगाव चौकात एवढ्यात बस पहिल्या गिअरमध्येही पडत नाही, आणि यांची काळजीपूर्वक तपासणी झाली.

वरची पायरी होती. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तेव्हाच्या नियमानं त्यानं चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल द्यायचा होता. गेमच्या नियमांत तळाला त्याचा ईमेल होता. तिथं विषय, संदर्भ, महोदय सगळं घालून दीड पान पाठवलं. हौस फिटली. पोच वेळेत आली, निकालही वेळेत आला, आणि खाली माणसाचं पदनाम होतं. निकाल तोच. पण माणसानं नाही म्हटलं की जरा बरं वाटतं. त्याच्याही वर सरकारची तक्रार अपील समिती आहे, २०२३ पासून, तीस दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते. भाचा तिथं जाऊ म्हणाला. मी नको म्हटलं. गवत आपण काढलं होतं.

खोलीत आता तीन अकाउंटं आहेत, ज्याचं त्याच्या फोनवर. नाइटवाला गवतासकट खेळतो आणि बऱ्याचदा पहिल्या पाच मिनिटांत मरतो. जुन्या अकाउंटचा स्क्रीनशॉट भाच्यानं जपून ठेवलाय. दहा वर्षांनी उघडून बघू म्हणतो. तोवर तो एकतीस वर्षांचा असेल. चाकणला येणार म्हणून गाजलेलं विमानतळ पुरंदरला गेलं, ते तिथं तरी झालेलं असेल, पण अकाउंट उघडेल असं मला वाटत नाही. मी कॅलेंडर काढून पाहिलं. ११ ऑक्टोबर २०३५ ला गुरुवार आहे.